पहारेकऱ्याचें गाऱ्हाणें

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घराण्यांस तुरुंग हें स्थळ कधींच परकें वाटलें नाहीं. ज्यांच्या घरांतील कोणीं एक रात्रहि कोठडींत काढली नाहीं, त्यांच्याहि कपाटांत तुरुंगांत जन्मलेलीं पुस्तकें मानानें मांडलेलीं असतात. लोकमान्यांनीं मंडालेस ‘गीतारहस्य’ लिहिलें. विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें केलीं व साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. त्याच गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगांत लिहून झाली. आणि अंदमानांतील कोलूची हकीकत ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथानें घरोघर पोंचविली. आमच्या घरीं हीं चारी पुस्तकें एकाच फळीवर आहेत, आणि तीं वाचून वाढलेल्या तीन पिढ्या आज एका छपराखालीं नांदत आहेत.

तीं पुस्तकें अलीकडे पुन्हां चाळीत असतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. तुरुंगाच्या वाङ्मयांत एक माणूस पानोपानीं हजर असतो. तो कुलूप ओढून पाहतो, कैद्यांची मोजदाद करितो, रात्रीं फेऱ्या घालितो. अंदमानच्या बारीसाहेबासारखा एखादा जेलर नांवानिशीं आपल्या स्मरणांत राहतो. पण हा जो साधा शिपाई, त्याचें नांव कोणीच लिहून ठेवीत नाहीं. वाचणाऱ्याच्या कानीं त्याच्या बुटांचा आवाज तेवढा पडतो.

आम्ही कऱ्हाडचे. जवळच कृष्णेच्या कांठीं टेंभू हें गांव आहे. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ सालीं तेथला. कोल्हापूर प्रकरणीं १८८२ सालीं टिळक व आगरकर या दोघांसहि चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि सुटका झाल्यावर आगरकरांनीं डोंगरीच्या तुरुंगांतील आपल्या १०१ दिवसांची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. या दोन मित्रांचे वाद रात्रीं इतके रंगत कीं पहारेकऱ्यास येऊन त्यांना गप्प करावें लागे, अशी आठवण चरित्रग्रंथांतून सांगितली जाते. आम्ही ती लहानपणापासून कौतुकानें ऐकत आलों. परंतु त्या रात्रीं तो पहारेकरी किती तास उभा होता, त्यास महिन्याकाठीं काय मिळत होतें, हें विचारावेंसें आमच्यांपैकीं कोणासच वाटलें नाहीं. तीच गोष्ट सांगलीची. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, हा पराक्रम आमच्या भागांतील पोराटोरांस ठाऊक आहे. त्या दिवशीं दारावर असलेल्या शिपायांची पुढें काय गत झाली, असा प्रश्न मात्र कोणी करीत नाहीं.

हा प्रश्न आमच्या मनांत पुस्तकांमुळें उत्पन्न झाला नाहीं. तो शेजारामुळें झाला. आमच्या वाड्याच्या मागील दोन खोल्यांत गेलीं नऊ वर्षें एक कुटुंब भाड्यानें राहत आहे. कुटुंबाचा कर्ता पुरुष एका मोठ्या कारागृहांत हवालदार आहे. तें कोणतें हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. मुलांची शाळा आणि वृद्ध वडील यांमुळें त्यानें बिऱ्हाड येथेंच ठेविलें, व तो स्वतः तिकडे एकटा राहतो. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत वडिलांचें दुखणें विकोपास गेलें. त्याची रजा कागदावर मंजूर झाली. परंतु ‘बदली माणूस आल्यावर निघा’ असें त्यास सांगण्यांत आलें. बदली यावयाचा तो माणूस एका आजारी बंद्याबरोबर इस्पितळांत अडकून पडलेला. हा घरीं पोंचला तेव्हां कृष्णा-कोयनेच्या संगमावर अग्निसंस्कार होऊन गेला होता. अग्नि पुतण्यानें दिला होता.

दिवसकार्य आटोपल्यावर तो आमच्याकडे आला. आम्हांस वाटलें, सांत्वनाच्या चार शब्दांसाठीं आला असेल. त्यानें खिशांतून एक घडी केलेला कागद काढला व म्हणाला, “काका, एक अर्ज नीट भाषेंत लिहून द्या. रजेचा नाहीं. रजा आतां काय करायची आहे?”

अर्जांत तीन गोष्टी होत्या. रिकाम्या जागा भराव्या. आठवड्याची सुटी कागदावर दाखवितात ती प्रत्यक्ष मिळावी. आणि त्याच दर्जाच्या पोलीस कर्मचाऱ्यास जें मिळतें तें वेतन व ते भत्ते आम्हांसहि मिळावे. आम्हीं विचारलें, “खालीं सह्या किती जणांच्या घालावयाच्या?”

“माझी एकट्याची. तयार अकरा जण आहेत. पण एका कागदावर अकरा सह्या आल्या कीं साहेब त्याला कट म्हणतात. ज्यानें त्यानें आपापला कागद द्यायचा.”

आमच्या पुतणीनें त्या एकाच मजकुराच्या अकरा प्रती छापून दिल्या.

त्याची मागणी वाजवी आहे कीं अवास्तव, हें ठरविण्यास मोठी विद्वत्ता नको. थोडें गणित पुरे. एका दारावर अहोरात्र माणूस हवा असेल तर आठवड्याचे तास होतात १६८. एका माणसानें आठवड्यास ४८ तास काम करावें असें धरलें, तर त्या एका दारासाठीं साडेतीन माणसें लागतात. त्यांत रजा, आजारपण, प्रशिक्षण हीं धरलीं कीं हा आंकडा चारांच्या पुढें जातो. प्रत्यक्षांत त्या दारावर दोनच माणसें असलीं, तर प्रत्येकाच्या वांट्यास ८४ तास येतात. म्हणजे रोज बारा तास, आणि आठवड्यांत एकहि सुटी नाहीं. आमचा हवालदार सांगत होता तें नेमकें हेंच. हें गणित एकत्र कुटुंबांतील स्त्रियांस समजावून द्यावें लागत नाहीं. चौघी सुनांच्या घरांत एक माहेरीं गेली व एक अंथरुणास खिळली, म्हणजे उरलेल्या दोघींच्या पाठीचें काय होतें, हें त्या जाणतात. आणि ताटें वेळेवर पडलीं म्हणून घरांतील पुरुषांस त्याचा पत्ता लागत नाहीं, हेंहि जाणतात. तुरुंगाचें तसेंच आहे. संध्याकाळीं मोजदाद बरोबर लागली म्हणजे सरकारच्या दृष्टीनें सर्व ठीक असतें.

आतां हाच हिशेब साऱ्या राज्याचा पाहूं. न्यायमूर्ति मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय समितीनें १९८३ सालीं तुरुंगसुधारणेवर आपला अहवाल दिला. दर सहा बंद्यांमागें एक रक्षक असावा, आणि तुरुंगांतील नोकरांस समान दर्जाच्या पोलिसांइतकें वेतन असावें, अशा तिच्या शिफारशी होत्या. २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रांतील कारागृहांची क्षमता सुमारें पंचवीस हजारांची असून आंत सुमारें चाळीस हजार बंदी होते. सहांस एक या प्रमाणानें साडेसहा हजारांहून अधिक रक्षक नुसत्या पहाऱ्यासाठीं हवेत. कारकून, वैद्य, अधिकारी असे सर्व धरूनहि खात्याचीं मंजूर पदें तेव्हां पांच हजारांच्या आसपास होतीं, आणि त्यांतीलहि सर्व भरलेलीं नव्हतीं. जानेवारी २०२४ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें आणखी दोन हजार पदें मंजूर केलीं, ही आनंदाची गोष्ट होय. मुल्ला समितीच्या अहवालापासून या मंजुरीपर्यंत मध्यें चाळीस वर्षें गेलीं. त्या अवधींत कोवळ्या वयांत भरती झालेला शिपाई आपली सारी नोकरी उरकून निवृत्तहि झाला.

कोणी म्हणेल, शिपायाचे तास वाढले तर त्याचें नुकसान. त्याचें समाजास काय? परंतु तुरुंगांत थकव्याचा भार एका जागीं थांबत नाहीं. तो खालीं उतरतो. थकलेला रक्षक कुलूप लवकर लावतो, भेटीस आलेल्या म्हाताऱ्या आईस बाहेर ताटकळत ठेवितो, रात्रीं पोटांत कळ आली म्हणून ओरडणाऱ्यास दरडावून गप्प करितो. आणि ज्याचें घर पगारांत भागत नाहीं, त्याच्यापुढें मोहाचा हात रोज पसरलेला असतो. इंग्रजी अमदानींत हा खर्च वांचविण्यासाठीं कैद्यांसच कैद्यांवर मुकादम व वॉर्डर नेमण्याची वहिवाट होती. तिचें फळ काय मिळालें तें अंदमानच्या पेटी ऑफिसरांच्या वर्णनांत वाचावयास मिळतें. स्वस्त पहाऱ्याची किंमत अखेर बंद्याच्या पाठीवर वसूल होते. आणि हे बंदी तरी कोण? देशांतील तुरुंगांत दर चौघांतील तिघांचा गुन्हा अद्यापि शाबीत झालेला नाहीं. ते खटल्याची वाट पाहत बसलेले आहेत.

मग हे लोक एकत्र होऊन आपलें म्हणणें कां मांडीत नाहींत? याचें उत्तर कायद्यांत आहे. १८९४ चा तुरुंगाचा कायदा शंभरांहून अधिक वर्षें चालला. त्याच्या ५४ व्या कलमान्वयें परवानगीवांचून, किंवा दोन महिन्यांची लेखी सूचना दिल्यावांचून, काम सोडून जाणाऱ्या तुरुंगाच्या नोकरास दोनशें रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली होती. म्हणजे पहारा सोडणाऱ्यास त्याच गजांच्या आंत बसविण्याची सोय होती. पोलिसांपुरता १९६६ सालीं संसदेनें वेगळा कायदा करून, सरकारच्या परवानगीवांचून त्यांनीं संघटनेंत सामील होऊं नये, असें ठरविलें. तो कायदा त्या वर्षाच्या डिसेंबरांत अमलांत आला तेव्हां देशाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकलेले, १९३२ सालीं अठरा महिन्यांची शिक्षा होऊन येरवडा पाहून आलेले. पुढें एप्रिल १९६७ मध्यें दिल्लीच्या पोलिसांनीं आंदोलन केलें व तें मोडून काढण्यांत आलें, तेव्हांहि गृहखातें त्यांच्याकडेच होतें. आम्ही यशवंतरावांस दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. राज्य चालविणाऱ्यास शिस्त सैल होऊं देतां येत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यानें आंतून तुरुंग पाहिला, त्याच्याहि कारकिर्दींत पहारेकऱ्याचें ऐकण्याची पक्की व्यवस्था निर्माण झाली नाहीं, एवढें नमूद केलें पाहिजे.

ऐकून न घेतल्याचा परिणाम काय होतो, हें महाराष्ट्रानें १९८२ सालीं पाहिलें. त्यापूर्वीं तीनच वर्षें, १९७९ सालीं, राष्ट्रीय पोलीस आयोगानें आपल्या पहिल्या अहवालांत शिपायांच्या कामाचे तास, वेतन, घरें आणि गाऱ्हाणीं यांचा विचार केला होता. कनिष्ठ पोलिसांस दिवसाचे दहा ते सोळा तास, आठवड्याचे सातहि दिवस राबावें लागतें, असें त्यांत नमूद होतें. राज्यांत पोलीस कर्मचाऱ्यांची संघटनाहि होती. तरी गाऱ्हाणीं तशींच राहिलीं. १५ ऑगस्टला मुंबईच्या शिपायांनीं काळ्या फिती लाविल्या. १८ ऑगस्टला बाबासाहेब भोसले यांच्या सरकारनें संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांस अटक केली, व नायगांव आणि वरळी येथील पोलीस वसाहतींत निमलष्करी दल पोंचलें. शिपाई रस्त्यावर आले. गिरण्यांचा संप आधींच चालू होता, त्यांतील कामगार त्यांस मिळाले. जाळपोळ झाली, दुकानें लुटलीं गेलीं, माणसें मेलीं, आणि शेवटीं लष्कर बोलवावें लागलें. अनेक शिपाई बडतर्फ झाले. शहराचें रक्षण करणाऱ्यांनीं शहर वाऱ्यावर सोडावें, याचें समर्थन कोणताहि विचारी गृहस्थ करणार नाहीं. परंतु अहवाल हातीं असतांना तीन वर्षें गेलीं, याचेंहि समर्थन आम्हांस करतां येत नाहीं.

आमच्या घरीं या विषयावर वाद झाला नसता तरच नवल. आमचे थोरले बंधु मामलेदार कचेरींतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “तुरुंगाच्या शिपायानें संघटना केली, उद्यां संप केला, तर दारें काय तुम्ही सांभाळणार?” यावर पुतणीनें नम्रपणें पण स्पष्ट विचारलें, “बाबा, १९७७-७८ सालच्या चोपन्न दिवसांच्या संपांत तुम्ही होतां ना? महागाई भत्ता तेव्हांच पदरांत पडला ना?” बंधु म्हणाले, “आमची कचेरी बंद राहिली तर सात-बाराचा उतारा उशिरां मिळे. यांचें काम बंद राहिलें तर रक्त सांडेल.” तेंहि खोटें नव्हतें. मार्च २०२३ मध्यें जुन्या निवृत्तिवेतनासाठीं राज्यांतील सरकारी नोकर आठवडाभर संपावर गेले होते, तेव्हांहि तुरुंगाचें दार कोणीं सोडलें नव्हतें. इतका वेळ निवडीत असलेली मेथीची जुडी बाजूस ठेवून काकू म्हणाल्या, “ज्याला उठून जातां येत नाहीं, त्याला आधीं वाढावें. पंगतीचा एवढा तरी रिवाज पाळा.”

काकूंनीं पंगतीच्या भाषेंत सांगितलें तें इंग्लंडनें बऱ्याच ठेंचा खाऊन शिकलें. तेथें १९१८-१९ सालीं पोलीस व तुरुंग-अधिकारी यांची एकच संघटना होती. १९१९ च्या ऑगस्टांतील संपांत लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगांतील रक्षकहि उतरले, व संपांत गेलेल्यांस नोकरीवरून काढून टाकण्यांत आलें. सरकारनें कायद्यानें पोलिसांच्या संघटनेस बंदी केली. पण त्याबरोबरच पोलिसांचा पगार चांगलाच वाढविला व त्यांचें म्हणणें मांडण्यास मान्यताप्राप्त मंडळ दिलें. तुरुंग-अधिकाऱ्यांची स्वतंत्र संघटना १९३९ सालीं उभी राहिली. पुढें १९९४ च्या कायद्यानें त्यांस संपाची बंदी झाली, आणि २००१ सालीं त्यांच्या वेतनाचा दरवर्षीं विचार करणारें एक स्वतंत्र मंडळ नेमलें गेलें. संपाचा हक्क काढून घेतला त्याची ही भरपाई होती. २००७ सालीं सरकारनें त्या मंडळानें सुचविलेली अडीच टक्क्यांची वाढ एकदम न देतां दोन हप्त्यांत देण्याचें ठरविलें. तेव्हां २९ ऑगस्ट रोजीं संप न करण्याचा करार मोडून रक्षक एक दिवस बाहेर पडले. रक्कम फार मोठी नव्हती. दिलेला शब्द पाळला गेला नाहीं, हें त्यांच्या मनास लागलें.

आमचें मत यावरून बनलें आहे. सरकारी नोकरांस संपाचा मूलभूत हक्क नाहीं, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं सांगितलें. तुरुंगाच्या बाबतींत तर तो नसावा, हें आम्हींहि मान्य करतों. पण संपाचें हत्यार ज्याच्या हातून काढून घ्यावयाचें, त्याचें ऐकून घेणें ही सरकारची मेहेरबानी राहत नाहीं. तें ऋण होतें. त्याच्या वेतनाचा विचार करणारें स्वतंत्र मंडळ हवें, त्याच्या निर्णयास ठराविक मुदत हवी, आणि अकरा जणांनीं एका कागदावर सही केली तर तो कट नव्हे, अर्ज समजला गेला पाहिजे. एवढें जो देणार नाहीं, त्यानें शिस्तीची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

त्या अकरा कागदांचें काय झालें, हें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. चार महिन्यांनीं अकराहि जणांस एकच ओळ आली: आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठीं वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविण्यांत आला आहे. हवालदारानें तो कागद आम्हांस आणून दाखविला व जपून ठेवून दिला. “नाहीं तर नाहीं,” तो म्हणाला, “पोंच तरी मिळाली.” त्याचा थोरला मुलगा यंदा पदवीधर झाला आहे, नवीन भरतींत कारागृह शिपायाच्या जागेसाठीं त्यानें अर्ज भरला. आईची संमति नाहीं. बाप कांहींच बोलत नाहीं. पहांटे मुलास कृष्णाकांठीं धावावयास मात्र स्वतः उठवितो, जेव्हां घरीं असतो तेव्हां.

आमच्या वाचकवर्गांत वकील, डॉक्टर, प्राध्यापक पुष्कळ आहेत. कारागृहावर सरकारकडून अशासकीय अभ्यागत नेमले जातात, आणि ती नेमणूक अशाच मंडळींकडे येते. ज्यांस ती येईल त्यांनीं स्वयंपाकघर पाहावें, औषधालय पाहावें, बंद्यांचीं गाऱ्हाणीं ऐकावीं. तें त्यांचें कर्तव्यच आहे. परत फिरतांना, दार उघडून देणाऱ्या शिपायापाशीं मात्र क्षणभर थांबावें, आणि तो आज किती तासांपासून उभा आहे व त्याची मागची सुटी केव्हां झाली, एवढें त्यास विचारून जें उत्तर मिळेल तें भेटीच्या वहींत लिहून ठेवावें. वहींत लिहिलेल्या गोष्टीचें उत्तर कोणास तरी द्यावें लागतें.